द्विजांचा दुसरा जन्म

गेल्या महिन्यांत एका भगिनींचें पत्र आमच्याकडे आलें. पत्र चार पानांचें आहे. परंतु त्यांतील तक्रार चार ओळींची आहे. त्यांच्या जाऊबाईंची मुलगी नऊ वर्षांची. घरांत चुलतभावाची मुंज झाली, छायाचित्रें निघालीं, आणि त्या सर्व छायाचित्रांत ही मुलगी ओठ घट्ट मिटून, नाहीं तर तोंडासमोर हात धरून उभी आहे. वरचे पुढचे दोन नवे दांत पिवळट, त्यांच्यामध्यें फट, कडा करवतीसारख्या, आणि दोहोंवर सारखेच तपकिरी डाग व पांढुरके पट्टे. या दांतांविषयीं घरांत चार मतें आहेत. सासूबाई म्हणतात, दांतांत फट असणें भाग्याचें, कोणी हात लावूं नका. मामंजी म्हणतात, पोरगी दांत नीट घांशीत नाहीं, दुसरें कांहीं नाहीं. मुलीचे वडील म्हणतात, शहरांत नेऊन चिनी मातीचीं कवचें बसवून टाकूं, पुढें लग्नाच्या वेळीं अडचण नको. आणि मुलीची आई रोज सकाळीं लिंबू व मीठ लावून तिचे दांत स्वतः घांसून देते. यांत खरें कोणाचें, तें आम्हीं या सदरांत लिहावें, अशी भगिनींची इच्छा आहे.

आमचें उत्तर असें कीं, चौघांपैकीं कोणाचेंच पुरतें खरें नाहीं. आणि ज्या पांचव्या व्यक्तीस विचारावयास हवें होतें, तिला कोणीं विचारल्याचें पत्रांत कोठेंहि दिसत नाहीं.

संस्कृतांत दांतास ‘द्विज’ असें नांव आहे. ब्राह्मण द्विज, पक्षी द्विज आणि दांतहि द्विज. कारण तिघांनाहि दोन जन्म असतात. वर्गांत हा शब्द शिकवितांना मुलें हंसत, आणि ज्यांच्या तोंडांत त्या वेळीं खिंडार पडलेलें असे त्यांच्याकडे बोटें दाखवीत. पुढच्या दांतांचा दुसरा जन्म व मुंजीचें आठवें वर्ष हीं जवळजवळ बरोबरच येतात. दुधाचे दांत वीस. सहाव्या-सातव्या वर्षीं खालच्या मधल्या दोहोंच्या जागीं कायमचे दांत येतात, सातव्या-आठव्या वर्षीं वरचे मधले दोन, आठव्या-नवव्या वर्षीं त्यांच्या बाजूचे, आणि वरचे सुळे अकराव्या-बाराव्या वर्षीं. पडलेला दांत कोणी कौलांवर फेकतो, कोणी तुळशीपाशीं पुरतो, येथपर्यंत सारें कौतुकाचें असतें. नवा दांत दिसूं लागला म्हणजे मात्र घरांतील माणसें एकाएकीं परीक्षक होऊन बसतात.

प्रथम जें आपोआप जावयाचें आहे तें बाजूस काढूं. कायमचा दांत दुधाच्या दांतापेक्षां पिवळसरच असतो. दांताचें बाहेरचें कठीण कवच, ज्यास डॉक्टर एनॅमल म्हणतात व आपण दंतवल्क म्हणूं, तें कायमच्या दांतांत अधिक पारदर्शक असतें व आंतील पिवळा थर त्यांतून दिसतो. शेजारीं पांढरेशुभ्र दुधाचे दांत असेपर्यंत हा पिवळेपणा डोळ्यांत भरतो. ते पडले म्हणजे कोणास दिसतहि नाहीं. कडांचे करवतीसारखे तीन-तीन कंगोरे खातां-चावतां झिजून सपाट होतात. आणि फट! सुळे हिरडींत वर दडून असतात तेव्हां ते बाजूच्या दांतांच्या मुळांना रेटतात. त्यामुळें पुढचे दांत पंख्यासारखे फांकतात. ब्रॉडबेंट या अमेरिकन दंतवैद्यानें १९३७ सालीं या अवस्थेस बदकाच्या कुरूप पिल्लाची उपमा दिली, ती अद्याप चालू आहे. सुळे खालीं उतरले म्हणजे दोन मिलिमीटरपर्यंतची फट बहुधा मिटते. म्हणून सासूबाईंचा निर्णय बरोबर, कारण मात्र चुकीचें. फट त्याहून रुंद असेल, किंवा एक दांत येऊन सहा महिने लोटले तरी त्याचा जोडीदार दिसत नसेल, तर क्ष-किरणांचें चित्र काढून घ्यावें. कधीं कधीं दोहोंमध्यें एखादा जादा दांत हाडांत आडवा बसलेला असतो.

आतां डागांचें पाहूं. काळवंडलेल्या दांतास सुश्रुतानें ‘श्यावदंतक’ हें स्वतंत्र नांव दिलेलें आहे. तेव्हां दांताच्या रंगाची काळजी आजची नव्हे. परंतु रंग कोठें आहे हें आधीं ठरवावें लागतें. वरून चढलेला डाग निराळा व आंत मुरलेला निराळा. हिरडीच्या कडेनें जाणारी काळी रेघ ही एका प्रकारच्या जंतूंमुळें येते. लोहाचें औषध पाजल्यानेंहि दांत काळे दिसतात. हे डाग दंतवैद्य एका बैठकींत घांसून काढतो, आणि त्यांनीं दांतास कांहीं इजा झालेली नसते.

आंतल्या डागांचीं कारणें पुष्कळ. एकाच दांतावर पांढरा वा पिवळा ठिपका असेल तर त्याच्या जागच्या दुधाच्या दांतास लहानपणीं मार लागलेला असण्याचा, किंवा त्याच्या मुळाशीं पू झालेला असण्याचा संभव असतो. पुढच्या दांतांबरोबर सहाव्या वर्षीं येणाऱ्या दाढाहि ठिसूळ व डागाळलेल्या असतील तर तो निराळा विकार होय. त्यास २००१ सालीं स्वतंत्र नांव मिळालें. अशा मुलास थंड पाण्यानें कळ येते व दाढा लवकर किडतात, म्हणून तेथें पुढच्या दांतांच्या शोभेपेक्षां दाढांची चिंता अगोदर करावी. आठ वर्षांखालील मुलास टेट्रासायक्लीन जातीचें औषध दिल्यानेंहि दांतांत पिवळट-करडे पट्टे कायमचे उमटतात. आणि मार लागल्यानंतर एखादा दांत हळूहळू करडा होत गेला, तर त्याच्या आंतील मज्जा मेलेली असूं शकते. त्याची तपासणी लांबवूं नये.

राहतां राहिले जोडीनें व सारखे उमटणारे डाग. मामंजींचें म्हणणें याच डागांपुरतें आहे, आणि त्याविषयीं लिहितांना आम्हांस स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे. नोकरीच्या आरंभीं आम्ही यवतमाळकडील एका शाळेंत होतों. शेजारच्या खेड्यांतून एक मुलगा येत असे. पाठांतर उत्तम, शब्दरूपें खणखणीत, प्रश्न विचारण्याचा अवकाश कीं हात वर. त्याचे वरचे दांत तपकिरी होते. विद्या व स्वच्छता या सख्ख्या बहिणी, अशी आमची त्या वयांतील समजूत. एके दिवशीं सर्व वर्गादेखत आम्हीं त्यास विचारलें, “दांत घांसतोस कीं नाहीं?” तो म्हणाला, “रोज घांसतो, गुरुजी. आमच्या गांवांत सगळ्यांचेच असे आहेत.” आम्हांस तें उलट उत्तर वाटलें. आम्हीं राखुंडी मागविली, त्यास हौदाशीं उभें केलें व सर्वांसमोर दांत घांसावयास लाविलें. डाग गेले नाहींत. हिरड्यांतून रक्त मात्र आलें. त्यानंतर त्या मुलानें आमच्या तासाला हात वर केला नाहीं.

पुढें कांहीं वर्षांनीं त्या गांवचें पाणी तपासलें गेलें व त्यांत फ्लोराइड प्रमाणाबाहेर निघालें. तोंपर्यंत आमची बदली झालेली होती. मुलगा खरें बोलला होता. इतकेंच नव्हे, तर सगळ्यांचेच असे आहेत या त्याच्या वाक्यांत रोगाचें निदान होतें, आणि तें ऐकण्याइतकी अक्कल आम्हांस नव्हती.

ती अक्कल अमेरिकेंतील एका दंतवैद्यानें दाखविली. १९०१ सालीं मॅके नांवाचा तरुण कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गांवीं दवाखाना घालून बसला. तेथें जन्मलेल्या पुष्कळांचे दांत असेच तपकिरी होते. त्यानें कोणास दोष दिला नाहीं. वर्षानुवर्षें गांवोगांव फिरून तो लोकांस विचारीत राहिला. १९२३ सालीं आयडाहो प्रांतांतील ओकली या गांवच्या पालकांनीं त्यास सांगितलें कीं, एका उष्ण झऱ्याचें पाणी नळानें गांवांत आणल्यापासून मुलांच्या दांतांवर डाग येऊं लागले. मॅकेनें तो झरा सोडून द्यावयास सांगितलें, गांवानें ऐकलें, आणि कांहीं वर्षांनीं धाकट्या मुलांचे दांत स्वच्छ येऊं लागले. पाण्यांत काय आहे हें त्या वेळीं कोणासच ठाऊक नव्हतें. १९३१ सालीं चर्चिल नांवाच्या रसायनशास्त्रज्ञानें तें फ्लोराइड असल्याचें दाखवून दिलें.

आपल्याकडे यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड, बीड या जिल्ह्यांतील कित्येक गांवांत हाच प्रकार आहे. खडकांतून झिरपलेल्या खोल पाण्यांत फ्लोराइड अधिक उतरतें. भारतीय मानकाप्रमाणें एक लिटर पाण्यांत तें १ मिलिग्रॅमपर्यंत असावें; दुसरी सोयच नसेल तर १.५ पर्यंत चालतें. पाणी उकळल्यानें फ्लोराइड जात नाहीं. उलट पाणी आटून त्याचें प्रमाण वाढतें. कायमच्या पुढच्या दांतांचें दंतवल्क जन्मानंतरच्या तीन-चार महिन्यांपासून सुमारें पांचव्या वर्षापर्यंत हिरडीच्या आंत घडत असतें, आणि डाग पडतो तो त्याच काळांत. दांत बाहेर दिसतो तेव्हां निकाल लागून चुकलेला असतो. म्हणून या डागांस घांसणें वा न घांसणें कारण नव्हे.

भगिनींच्या पत्राच्या तिसऱ्या पानावर, सहज म्हणून, दोन गोष्टी लिहिलेल्या आहेत. एक, वाड्यांत बारा वर्षांपूर्वीं बोअर घेतला, तेव्हांपासून सर्वजण तेंच पाणी पितात. दुसरी, ज्याची मुंज झाली त्याची धाकटी बहीण दीड वर्षाची आहे. आमच्या मतें सबंध पत्रांत याहून महत्त्वाचें कांहीं नाहीं. पत्रावरून आम्ही निदान करूं शकत नाहीं; परंतु पाणी तपासून घेणें हें चिनी मातीच्या कवचांपेक्षां पुष्कळ स्वस्त आहे. जिल्ह्याच्या ठिकाणीं पाणी तपासण्याची सरकारी प्रयोगशाळा असते. पाणी दोषी निघालें तर मोठ्या मुलीचे डाग त्यानें पुसले जाणार नाहींत. धाकटीचे दांत मात्र अजून घडत आहेत.

एवढ्यावरून फ्लोराइडची टूथपेस्ट घरांतून बाहेर फेकूं नये. दांतावर वरून लागलेलें थोडें फ्लोराइड कीड रोखतें; पोटांत गेलेलें फार फ्लोराइड डाग पाडतें. औषध व विष यांत मात्रेचाच भेद असतो. तीन वर्षांखालील मुलास तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या मुलास वाटाण्याएवढी पेस्ट पुरे, आणि ती थुंकावयास शिकवावें. ब्रशभर पेस्ट जाहिरातींत शोभते.

आतां उपचार. राजनीतींत साम, दान, भेद व शेवटीं दंड असा क्रम सांगितला आहे. मुलांच्या पुढच्या दांतांनाहि तोच क्रम लावावा. कारण दंतवल्क एकदां कापलें कीं तें पुन्हां उगवत नाहीं.

पहिली पायरी साफसफाईची व वाट पाहण्याची. दुसरी पायरी म्हणजे वरवरचा डाग खरवडून काढण्याची रीत, जी क्रॉल व कॅव्हनॉ या दोघांनीं १९८६ सालीं पुढें मांडली. दांताभोंवतीं रबराचा पातळ पडदा बांधून हिरड्या झांकतात, आणि सौम्य केलेलें हायड्रोक्लोरिक आम्ल व बारीक कुरुंदासारखी भुकटी यांचा लेप थोडे थोडे सेकंद चोळून धुवून टाकतात. दंतवल्काचा सुमारें एक दशांश मिलिमीटर थर जातो. तपकिरी डाग यानें चांगले जातात; पांढरे पट्टे कमी जातात. शेवटीं फ्लोराइड लावतात. त्या दिवशीं दांत कोरडे असल्यानें नुसते पांढरे दिसतात, म्हणून परिणामाचा निर्णय महिना-दीड महिन्यानें करावा. पहिले कांहीं दिवस चहा, कोला व हळदीचें कालवण यांपासून दूर राहावें. नऊ-दहा वर्षांचें मूल खुर्चींत स्थिर बसत असेल तर हा उपचार त्यास सहज सोसतो.

तिसरी पायरी भरणाची. पांढऱ्या डागांच्या सूक्ष्म छिद्रांत पातळ राळ मुरविण्याची एक रीत आहे. ती मुरली कीं डाग आसपासच्या रंगांत मिसळतो. तेवढ्यानें भागलें नाहीं तर दांताच्या रंगाचें काँपोझिट वरून चिकटवितात. १९५५ सालीं ब्युओनोकोर यानें दंतवल्कास आम्ल लावून खडबडीत केलें असतां राळ घट्ट चिकटते हें दाखविलें, तेव्हांपासून दांत न कापतां, किंवा अगदीं थोडा कापून, हें काम होऊं लागलें. काँपोझिट कांहीं वर्षांनीं पिवळें पडतें वा कोपरा उडतो. पुन्हां लावतां येतें. वाढत्या मुलाच्या बाबतींत पुन्हां करतां येणें हा दोष नसून गुणच आहे.

चौथी पायरी चिनी मातीच्या कवचांची. मुलीच्या वडिलांस आम्ही हात जोडून सांगतों कीं, ती आज नको. नऊ वर्षांच्या मुलाच्या दांतांत मज्जेची पोकळी मोठी असते. कापतांना ती दुखावण्याचें भय असतें. हिरडीची कड पुढें कित्येक वर्षें वर सरकत जाते व आज नेमकी बसविलेली कवचाची किनार उद्यां उघडी पडते. शिवाय एक कवच जन्मभर पुरत नाहीं. जितकें लवकर बसवावें तितक्या वेळां बदलावें लागेल. सुमारें अठरा वर्षांपर्यंत थांबणें हेंच योग्य. दांत पांढरे करण्याच्या औषधांबद्दलहि हेंच. युरोपीय संघांत ०.१ टक्क्याहून अधिक हायड्रोजन पेरॉक्साइड असलेलीं अशीं द्रव्यें १८ वर्षांखालील व्यक्तीस लावण्यास २०१२ पासून मनाई आहे. तीं बाजारांतून आणून घरीं लावणें हें तर अविचाराचें.

मुलीच्या आईस कदाचित् वाटेल कीं, दंतवैद्यहि आम्लच लावतो, मग लिंबानें काय बिघडलें? दंतवैद्य सेकंद मोजतो, हिरड्या झांकतो, आणि ठरलेल्या बैठकांनंतर थांबतो. रोजच्या लिंबास माप नाहीं व शेवट नाहीं. तें दंतवल्क मऊ करतें, मीठ तें झिजवितें, आणि खालचा पिवळा थर अधिकच दिसूं लागतो. कोळशाची भुकटी, चिंच व खाण्याचा सोडा यांनाहि हेंच लागू आहे. माउलीचा हेतु निर्मळ. परंतु हा उपाय आजच बंद करावा.

ओघानें एक सूचना. पुढचे दांत पुढें आलेले असलेल्या मुलांचे दांत पडझडींत अधिक मोडतात. तुकडा उडाला तर तो शोधून पाण्यांत किंवा दुधांत ठेवून बरोबर न्यावा. पुष्कळदां तोच चिकटवितां येतो. कायमचा दांत मुळासकट निघाला तर त्यास पांढऱ्या भागाकडून धरावें, मुळास हात लावूं नये, घांसूं नये. मळ असेल तर जरासा धुवून लगेच जागीं बसवावा, मुलास रुमाल चावून धरावयास सांगावें व तडक दंतवैद्याकडे जावें. बसवितां न आल्यास दुधांत ठेवून न्यावा. तासाभरांत बसला तर जगण्याची आशा असते. दुधाचा दांत मात्र केव्हांहि परत बसवूं नये. खालच्या कायमच्या दांतास इजा होते.

मुंबई, नागपूर व छत्रपति संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत मुलांच्या दांतांचे स्वतंत्र विभाग आहेत. वाड्यांतील मतभेद मिटविण्यास तेथील एक फेरी पुरेशी होईल.

तत्पूर्वीं एक काम घरांतच करावयाचें आहे, आणि तें भगिनींनीं स्वतः करावें असें आम्हांस वाटतें. आई-बापांच्या मनांत त्या दांतांबरोबर लग्नहि आलेलें आहे. मुलीस एकटीला जवळ बसवावें व विचारावें कीं, तुला या दांतांचें वाईट वाटतें का, शाळेंत कोणी कांहीं म्हणालें का, आणि तुला काय व्हावेंसें वाटतें. ती म्हणाली, मला कांहीं वाटत नाहीं, तर सुळे येईपर्यंत खुशाल थांबावें. ती म्हणाली, हे डाग काढा, तर दुसऱ्या पायरीचा विचार करावा. परंतु हे डाग तुझ्या आळसाचे नव्हेत, हें वाक्य मामंजींनीं तिला स्वतःच्या तोंडानें सांगितलें पाहिजे. आमचा विद्यार्थी आम्हांस पुन्हां भेटला नाहीं. मामंजींची नात घरांतच आहे.

पाण्याचा अहवाल हातीं आल्यावर भगिनींनीं आम्हांस अवश्य कळवावें. दीड वर्षाच्या मुलीसाठीं तोंपर्यंत दुसरें पाणी आणावें, आणि त्याची वाट पाहूं नये.